बोटांना दाखला पाहिजे

(जालना येथे मस्तगड भागात युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलीतली वाक्यं तशीच ठेवली आहेत.)



मला लोक कविता वाचायला बोलावतात. आज कविता नाही. आज विषय दिलाय तो सरकारी परिपत्रकातून उचलल्यासारखा आहे : शेतमजुरांना आधुनिक शेतीच्या नव्या तंत्राचं प्रशिक्षण. हा विषय काढला की आपल्यातल्या शहरी पोरांना जांभई येते. अत्याचार, आरक्षण, साहित्य, यावर आपण पहाट होईस्तोवर भांडू. ड्रोन, ठिबक, शेडनेट म्हटलं की आपल्याला वाटतं, हे बागायतदाराचं गुऱ्हाळ, आपला काय संबंध?

संबंध रोकडा आहे. 2011 च्या जनगणनेत या देशात 14 कोटींच्या वर शेतमजूर निघाले. अनुसूचित जातींतल्या काम करणाऱ्या माणसांपैकी निम्म्याच्या जवळपास माणसं दुसऱ्याच्या रानात राबतात. तुम्ही जालन्यात, औरंगाबादेत, मुंबईत पोटाला आलात, पण तुमची आत्या, मावशी, चुलता अजून बांधावर आहे. उद्या त्या बांधावर यंत्र येणार आहे. काही ठिकाणी आलंय. ते आल्यावर आपल्या माणसाचं काय होणार, हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे. तो कृषी खात्याच्या भरवशावर सोडता येत नाही.

मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली माल चढव-उतरव करतो. गाव याच जिल्ह्यातलं. माय अजून मजुरीला जाते. एवढी ओळख पुरे.

आता मुद्द्यावर येतो. 'प्रशिक्षण' या शब्दातच एक गोम आहे. ज्याला काही येत नाही त्याला शिकवायचं, असा त्याचा वास येतो. आपला माणूस अडाणी, अकुशल. वरून कुणी शहाणा येणार आणि त्याला नवं तंत्र शिकवणार. मी म्हणतो, आधी हिशेब करा. आपल्या माणसाला आजच काय येतं?

तुम्ही ज्या शहरात बसलात त्याला बियाण्यांची राजधानी म्हणतात. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 साली इथं महिको काढली. 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मग एकामागून एक बियाणे कंपन्या इथं उभ्या राहिल्या. बीटी कापसाला 2002 साली परवानगी मिळाली, त्या बियाण्यातही या शहराचं नाव पुढं होतं. ज्यांनी धंदा उभारला त्यांची अक्कल मी नाकारत नाही. पण संकरित बियाणं कंपनीच्या कचेरीत तयार होत नाही. ते सीडप्लॉटवर, बाईच्या नखावर तयार होतं.

शहरी पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. कापसाच्या फुलात नर आणि मादी एकाच ठिकाणी असतात. मोकळं सोडलं तर ते फूल आपलं आपणच फळतं, संकर होत नाही. म्हणून दुपार कलली की बाया ओळीत शिरतात. उद्या सकाळी उमलणारी कळी आज ओळखायची. दोन दिवसांनी उमलणारी घेतली तर कच्ची, आज उमललेली घेतली तर वाया. ओळखली की अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी अलगद उतरवायची. आतल्या नाजूक दांडीला ओरखडा जाता कामा नये. एखादा पुंकेसर मागं राहिला तरी बी भेसळीचं. खुणेला दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, नराच्या ओळीतली फुलं खुडून आणायची आणि त्यांचा पराग त्या दांडीच्या टोकाला हलक्या हातानं लावायचा. ज्या कळ्या राहून गेल्या त्या तोडून टाकायच्या, म्हणजे चुकून आपोआप फळलेलं बोंड त्यात मिसळणार नाही. याला आमच्याकडं क्रॉसिंग म्हणतात. हंगामभर रोज. एका बाईच्या हाताखालून दिवसाला शेकडो कळ्या.

मला सांगा, हे अकुशल काम आहे? दवाखान्यात डोळ्याचं ऑपरेशन करणारा डॉक्टर आणि हे, यात हाताच्या कसबाचा फरक कितीसा आहे?

जगातला पहिला धंदेवाईक संकरित कापूस एच-4. तो डॉ. सी. टी. पटेलांनी 1970 साली सुरतला काढला. तेव्हापासून आपला देश संकरित कापसावर गेला. दुसरे बहुतेक कापूस पिकवणारे देश सरळ वाणाचं बी पेरतात. त्यांना संकर माहीत नाही असं नाही. हातानं एकेक कळी सोलून पराग लावायचा, याची मजुरी त्यांना परवडत नाही. म्हणजे हे तंत्रज्ञान भारतात चाललं त्याचं एक मोठं कारण आपल्या मायबहिणींचे स्वस्त हात. आंध्र आणि गुजरातच्या सीडप्लॉटांवर लहान मुलींचे हात किती वापरले गेले, हे अभ्यासकांनी लिहून ठेवलंय. ज्या तंत्राला आधुनिक म्हणून आरती ओवाळली जाते त्याच्या मुळाशी ही बाई आहे, आणि तिच्या नावापुढं कागदावर शब्द आहे : मजूर.

आता यातली लबाडी बघा. माझी माय एका प्लॉटवर क्रॉसिंगला जायची. मालकाचं नाव घेत नाही. एकाचं घेतलं की बाकीचे सुटतात. एका वर्षी बी शुद्धतेच्या चाचणीत नापास झालं. मालक म्हणाला, बायांनी कळ्या नीट सोलल्या नाहीत. आणि हिशेबातून बायांचे पैसे कापले. म्हणजे बी बिघडलं की ही बाई जबाबदार कारागीर. बी पास झालं की ही बाई रोजंदारीची मजूर, जे खुरपणीचं रोज तेच हिचं. कसबाचा दंड आहे, कसबाचा दाम नाही. माझा पहिला मुद्दा हा : नवं शिकवायच्या आधी जे येतं त्याला दाखला द्या.

दुसरा मुद्दा उलटा आहे. जिथं खरंच शिकवायला पाहिजे होतं तिथं कुणी शिकवलं नाही.

2017 साल आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. 20 हून जास्त माणसं मेली, शेकडो दवाखान्यात पडली. कुणाची नजर गेली, कुणी बेशुद्ध. त्यात शेतकरी होते, आणि दुसऱ्याच्या रानात रोजानं फवारणारे मजूर होते. त्या साली पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता. अंगात बनियन, तोंडाला रुमाल. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. कुणी कालवायला सांगितली? दुकानदारानं. मालकानं कुणाला विचारलं? दुकानदाराला. आणि पंप कुणाच्या पाठीवर? ज्याला कुणीच काही सांगितलं नाही त्याच्या.

कीटकनाशकांचा कायदा 1968 चा, नियम 1971 चे. डब्यावर चौकोनी खूण असते, खालचा अर्धा भाग रंगीत. लाल म्हणजे अत्यंत विषारी. पिवळा म्हणजे त्याखालोखाल. निळा मध्यम. हिरवा त्याहून कमी. एवढं कळायला अक्षरओळख लागत नाही, रंग कळला की झालं. अर्ध्या तासात समाजमंदिरात शिकवता येईल असं हे ज्ञान. कायदा होऊन 50 वर्षं होत आली तरी ते फवारणाऱ्याच्या कानापर्यंत पोचलं नव्हतं. तुमच्या-माझ्या वस्तीत आज विचारून बघा, किती जणांना माहीत आहे.

कसब आहे तिथं कागद नाही, ज्ञान पाहिजे तिथं ज्ञान नाही. हे दोन्ही एकाच दुखण्यातून येतं. मजूर म्हणजे नुसतं अंग, त्याला डोकं असतं हे मानायचंच नाही, ही जुनी रीत आहे. गावात तिला जात म्हणायचे. कागदावर तिला 'अकुशल' म्हणतात.

आता नवी यंत्रं. केंद्र सरकारनं 2023 च्या नोव्हेंबरमध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. बायांच्या 15,000 बचत गटांना फवारणीचे ड्रोन. किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाखांपर्यंत मदत. गटातल्या एका बाईला 15 दिवसांचं प्रशिक्षण. योजना वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप घेऊन विषात चालण्यापेक्षा बांधावर उभं राहून यंत्र उडवणं केव्हाही चांगलं. एका एकराचं काम दहाएक मिनिटांत होतं. पण ड्रोन उडवायचा परवाना कुणाला मिळतो? 2021 च्या नियमांत लिहिलंय : वय 18 ते 65, आणि दहावी पास.

दहावी पास! पंप 20 वर्षं पाठीवर घेतला तो चौथी नापास. विष त्यानं खाल्लं, यंत्र उडवणार दुसराच. मग पंपवाल्याचं रोज गेलं. त्याला काय शिकवणार, कुठं बसवणार, याचं उत्तर कुणाकडं आहे?

ऊस घ्या. आपल्या जिल्ह्यातून, बीडमधून दरवर्षी कोयते बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसाचं नावसुद्धा हत्यारावर गेलेलं. राज्य सरकारनं 2022-23 आणि 2023-24 या दोन वर्षांसाठी ऊसतोडणी यंत्राला अनुदान काढलं : 900 यंत्रं, किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यातली कमी असेल ती रक्कम. अर्ज कुणी करायचा? शेतकरी, उद्योजक, सहकारी संस्था, साखर कारखाना. कोयता चालवणारा कोयता म्हणून या यादीत नाही. तो म्हणे 'उद्योजक' म्हणून येऊ शकतो! उरलेले 60 टक्के त्यानं मुकादमाच्या उचलीतून भरायचे की काय? तोडणी थांबली तर आनंदच आहे, लेकरं शाळेत राहतील. पण ज्यानं पिढ्यान् पिढ्या ऊस तोडला त्याला त्या यंत्राच्या गादीवर बसवायचा पहिला हक्क पाहिजे की नको?

जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. याच केंद्राच्या माणसांनी कडवंचीला पाणलोटाचं काम केलं, तिथं शेततळी झाली, द्राक्षबागा आल्या. चांगलं काम आहे, जाऊन बघा. देशातलं पहिलं असं केंद्र 1974 साली पाँडिचेरीला निघालं, आता जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. तिथं शिकवतात. दारावर 'मजुराला बंदी' अशी पाटी नाही. पण मजूर त्या दारात का जात नाही? एक, शिकायला गेलं की रोज बुडतं. खाडा केला तर संध्याकाळी चूल थंड. दोन, शिकून करायचं काय? अवजाराच्या अनुदानाला सातबारा लागायचा, आठ-अ लागायचा, 2025 पासून शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तो क्रमांक जमिनीला जोडलेला. जमीन नाही त्याला क्रमांक नाही, क्रमांक नाही तो कागदावर शेतीत नाही. 40 वर्षं शेतीत घातलेला माणूस सरकारच्या संगणकावर शेतीत नाही!

बाबासाहेबांनी 1918 साली हिंदुस्थानातल्या लहान शेतांवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठं हे नुसतं एकरानं ठरत नाही, त्यावर अवजारं, भांडवल, माणसं किती आहेत त्यावर ठरतं, असा त्यांचा मुद्दा. शेतीवर फाजील माणसं पडून आहेत, त्यांना उद्योगाकडं न्या, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. आणि 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी पुढची पायरी मांडली : शेतजमीन राज्याच्या मालकीची, ती जातपात न बघता गावकऱ्यांना सामूहिक कसायला द्यायची, पाणी, जनावरं, अवजारं, खत, बी राज्यानं पुरवायचं. म्हणजे जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूरही नाही. यंत्राला बाबासाहेबांचा विरोध कधीच नव्हता. चरख्याचं गाणं त्यांनी गायलं नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, की यंत्र कुणाच्या मालकीचं. आपण तोच प्रश्न ड्रोनला विचारायचा, हार्वेस्टरला विचारायचा.

मी गोदीचा माणूस, तिथलं एक उदाहरण सांगतो, कारण यंत्र येतं तेव्हा काय होतं ते गोदीनं आधी बघितलंय. एकेकाळी गोदीतही सकाळी दारावर उभं राहायचं, मुकादम बोट दाखवील तो आत. 1948 साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला, मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. माणसाची नोंद झाली, नंबर मिळाला. जहाज नसलेल्या दिवशी हजेरीचे पैसे मिळू लागले. विंच चालवणारा वेगळा, हातानं माल उचलणारा वेगळा, प्रत्येकाच्या कामाला नाव आणि नावाला पगार. मग कंटेनर आला. 1989 साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. जिथं टोळ्याच्या टोळ्या लागत तिथं एक क्रेन. 1994 साली बोर्ड पोर्ट ट्रस्टात विलीन झालं. कामं गेली, खोटं कशाला बोलू. पण ज्याची नोंद होती, ज्याच्या मागं युनियन होती, त्याच्याशी यंत्राबद्दल बोलावं लागलं. माझ्यासारख्या ठेक्यावरच्या पोराशी कुणी बोलत नाही. उद्या सकाळी दारावर 'काम नाही' म्हणतात आणि संपलं. यंत्र दोघांपुढं एकच. फरक नोंदीचा आहे.

हमालांसाठी याच महाराष्ट्रानं 1969 साली माथाडी कायदा केला. मोंढ्यात पोतं उचलणाऱ्याला मंडळ मिळालं. ते पोतं ज्यानं पिकवलं, वेचलं, भरलं, त्या शेतमजुराला मंडळ का नाही? केरळनं 1974 सालीच शेतमजुरांचा कायदा केला. आपण पुरोगामी महाराष्ट्र म्हणून भाषणं ठोकतो.

म्हणून आपल्या मागण्या साध्या शब्दांत सांगतो. पत्रक काढायचं असेल तर हेच उतरवून घ्या.

एक : क्रॉसिंग, द्राक्षाची छाटणी आणि विरळणी, शेडनेटमधलं काम, फवारणी, ही कसबं आहेत असं मान्य करा. परीक्षा रानात घ्या, हातानं करून दाखवायची, तोंडी सांगायची. आधीच येत असलेल्या कसबाला दाखला द्यायची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत आहेच. ती आपल्या बायांच्या बोटांना लावा.

दोन : दाखल्याला दर पाहिजे. खुरपणीचं रोज वेगळं, क्रॉसिंगचं वेगळं. दर नसलेला दाखला म्हणजे भिंतीला लावायचा फोटो.

तीन : शिकायच्या दिवसाची मजुरी द्या. उपाशी पोटी कुणी शिकत नाही.

चार : फवारणाऱ्याला आधी शिकवा, अंगरखा, हातमोजे, चष्मा, मुखपट्टी द्या, मग पंप द्या. साहित्य नाही तर फवारा नाही, असं म्हणायचा हक्क मजुराला द्या.

पाच : यंत्र मजुरांच्या गटाच्या मालकीचं. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्धांच्या बचत गटांना 90 टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर देण्याची योजना राज्यात 2012 साली आली. तिला सातबारा आडवा येत नाही, म्हणून ही वाट आपल्या कामाची आहे. पण नुसता ट्रॅक्टर पुरत नाही. तो चालवायला, दुरुस्त करायला, भाड्याचा हिशेब ठेवायला गटातल्या माणसाला शिकवा. नाहीतर नाव गटाचं आणि चावी पाटलाच्या खुंटीला, हे व्हायला वेळ लागत नाही.

सहा : माथाडीसारखं शेतमजुरांचं मंडळ. नोंद, नंबर, ओळख.

या मागण्या सरकारकडं. आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही दहावी, बारावी, बी. ए. झालात. सवाल तुम्हालाही आहे. आपल्यातला पोरगा शिकला की रानाकडं पाठ फिरवतो. मी पण फिरवली, पोट घेऊन गेलं. पण आता ड्रोनचा परवाना दहावीवर मिळतोय. चौकात बसून मोबाइल घासणाऱ्या पाच पोरींनी आणि पाच पोरांनी तो काढावा. एकट्यानं धंदा करायला नाही. वस्तीतल्या पंपवाल्यांना सोबत घेऊन गट करा. औषधाचं माप, वाऱ्याची दिशा, कोणत्या किडीला काय, हे त्या चौथी नापास काकाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तुमचा कागद, त्याचं ज्ञान. दोघांना एकमेकांची गरज आहे.

आणि एक काम उद्याच सुरू करता येईल, त्याला जी. आर. लागत नाही. शंभर पानी वही घ्या. आपल्या वस्तीत, गावाकडच्या वस्तीत घरोघर जा. प्रत्येक माणसाचं नाव लिहा आणि पुढं त्याला काय काय येतं ते लिहा. कुणाला क्रॉसिंग, कुणाला कलम, कुणाला मोटर दुरुस्ती, कुणाला ठिबकची नळी जोडणं, कुणाला जनावराचं बाळंतपण. 'मजुरी' हा शब्द त्या वहीत लिहायचा नाही. कुणी म्हणेल, मला काय येतंय बाबा, मी तर मजूर. तिथं उठायचं नाही. पाणी मागून घ्यायचं, खाली बसायचं आणि पुन्हा विचारायचं. ही वही घेऊन आपण खरपुडीला जाऊ, कलेक्टर कचेरीत जाऊ, कंपन्यांच्या दारात जाऊ. तोपर्यंत प्रशिक्षणाची भाषा ते बोलतील आणि आपण ऐकू. वही हातात आली की बोलायची पाळी आपली.

वही कोण आणतोय ते आत्ताच सांगा. नावं लिहून घेतो.

जय भीम.